तेवीस अंशांवरचा निकाल

बटण म्हणजे बटण, असं ज्यांना वाटतं ती माणसं सुखी असतात. मी त्यांच्यातली नाही. बटण प्लॅस्टिकचं की शिंपल्याचं, त्यावर कापड चढवलंय की नाही, भोकं पाडलीत की अजून ती नुसती चकती आहे, यावर त्याचा आकडा बदलतो. आकडा बदलला की कर बदलतो, आणि कुठली चाचणी लागणार नि कुठली नाही तेही बदलतं. गेली सव्वीस वर्षं मी कस्टम्सच्या खात्यात हेच करते आहे. परदेशातून येणाऱ्या बारीकसारीक शिवणसामानाला आकडे देते. बटणं, हूक, चेन, लेबलं, लेस, इलॅस्टिक, नाड्या, गोंडे. लग्नाकार्यात कुणी विचारलं, की तुम्ही काय करता, आणि मी हे सांगितलं, की समोरच्याला लगेच कुणीतरी ओळखीचं दिसतं आणि तो तिकडे जातो. जाऊ द्या. त्याच्या अंगावरचे कपडे जागच्या जागी राहतात ते याच सामानामुळे, हे मी त्याला पाठीमागून सांगत नाही.

माझं नाव उज्ज्वला निखाडे. नोकरी धामणसावंगीला, वर्ध्यापासून तीस किलोमीटरवर. इथे बंदर आहे, फक्त पाणी नाही. समुद्रावर उतरलेले कंटेनर सील न तोडता रेल्वेने इथे आणतात आणि इथे उघडतात, म्हणून याला कोरडं बंदर म्हणायचं. एप्रिलमध्ये बाहेर त्रेचाळीस अंश असतात. आत, तपासणीच्या दालनात, बारा महिने तेवीस. हे तेवीस अंश आमच्या सुखासाठी आहेत असं कुणी समजू नये. ते परखसाठी आहेत.

परख हे यंत्र. चार वर्षांपूर्वी खात्याने देशभरातून अकरा अधिकारी निवडले, एकेका मालातले जाणकार. शिवणसामानासाठी मला घेतलं. आम्हाला पातळ हातमोजे दिले होते, त्यांत बोटागणिक दाब मोजणारे तंतू विणलेले. वर्षभर मी ते घालून काम केलं. दोरी मी चिमटीत कशी धरते, उलटा पीळ देऊन कशी उकलते, टोक जाळून वास कधी घेते आणि कधी नुसती नजर टाकून सोडून देते, हे सगळं टिपलं गेलं. त्याला माझे जुने निकाल जोडले, एकेचाळीस हजारांच्या वर. एवढ्यातून त्या यंत्राने स्वतःचा हात घडवला. आता नमुना ट्रेमध्ये ठेवला की दोन रबरी बोटं खाली येतात, अंगठा जरा तिरपा धरून चोळतात, आणि चार सेकंदांत आकडा पडद्यावर. अंगठा तिरपा धरायची सवय माझी आहे. देशातल्या चौदा बंदरांवर शिवणसामानाला जो हात लागतो तो माझा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पुढे मात्र कुणी पाहुणा आला की मी त्याला मुद्दाम ते दाखवायला न्यायची. गर्व झाला होता, नाही कशाला म्हणू?

कधी न पाहिलेली वस्तू आली तर परख थांबतं आणि मूळ अधिकाऱ्याला विचारतं. बारा फेब्रुवारीला त्याने मला एक दोरी विचारली.

बुटाच्या नाडीपेक्षा बारीक, मोरपंखी रंगाची, आठ पदरांचा गोफ. कागदावर लिहिलं होतं, कपड्यांसाठी शोभेची दोरी, नायलॉन. मी चोळली, ओढली, उसवली, जाळली. नायलॉनच होतं. पदरांना पीळ जरा जास्त वाटला, इतका की प्रत्येक पदर स्वतःभोवतीच वेटोळी घालून बसला होता. हाताला मात्र फार छान लागत होती. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की वस्तू ज्या स्थितीत हजर झाली त्या स्थितीतच तिची ओळख ठरवायची. पुढे तिचं काय होईल याचा विचार करत बसायचं नाही, नाहीतर प्रत्येक सुईला हत्यार म्हणावं लागेल. माझ्यासमोर गोफ हजर झाला होता, मी गोफ असं लिहिलं. शोभेच्या गोफाला सुरक्षेची एकही चाचणी लागत नाही. परखने ते शिकून घेतलं आणि चौदाही बंदरांवरून ती दोरी सुटायला लागली.

पंधरा दिवसांनी माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. छाया हिंगणघाटला राहते, तिथे तिचं शिवणकेंद्र आहे, बावीस बायका काम करतात. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला घरी जाताना बाळंतविड्याची पेटी मिळते. त्यातल्या सहा हजार कुंच्या शिवायचं काम तिला मिळालं होतं, चंद्रपूरकडच्या दवाखान्यांसाठी. कुंची म्हणजे डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी टोपी, गळ्याशी नाडीने बांधायची. नाडीसाठी नागपूरच्या व्यापाऱ्याने तिला एक नवी दोरी दाखवली होती, मऊ, बाळाला न टोचणारी, आणि तिची गाठ म्हणे सुटत नाही. बाहेरून आलेला माल आहे, तर ताईला विचारावं म्हणून तिने फोन केला होता. फोटो पाठवला. मी लगेच ओळखली. तो निकाल माझाच आहे, खुशाल घे, असं मी सांगितलं, आणि सांगताना आवाज थोडा मोठाच काढला असणार.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी मला नमुन्यांची कार्डं अभिलेख कक्षात पोचवायची होती. जाड पुठ्ठ्याची दोन डझन कार्डं. हाताशी तीच दोरी होती, तिनेच गठ्ठा बांधला, स्कूटरच्या पुढच्या टोपलीत ठेवला आणि तेवढ्यात जेवायची वेळ झाली म्हणून आत गेले. परत आले तेव्हा अडीच वाजले होते. गठ्ठा मधोमध वाकला होता. पुठ्ठ्याच्या कडा आत दबल्या होत्या आणि दोरी त्यांत रुतून बसली होती. मला वाटलं, कुणीतरी टोपलीवर बसलं की काय. गाठ सोडायला गेले तर नखही आत शिरेना. तशीच उचलून दालनात आणली, ब्लेड शोधायला लागले, आणि ब्लेड सापडेपर्यंत दोरी आपोआप सैल झाली होती. गाठ बोटाने सुटली.

मी मोजपट्टी घेऊन पुन्हा उन्हात गेले. आत पन्नास सेंटिमीटर भरलेला तुकडा बाहेर दोन मिनिटांत तेहेतीस झाला. आत आणला, पन्नास. तीन वेळा मोजलं. तिसऱ्या वेळी मोजता मोजता मला कुंच्या आठवल्या.

परखची देखभाल नीलोफर काझी बघते. चौतिशीची, नागपूरची, आवाज कधी चढत नाही. तिने दोरी तयार करणाऱ्या कंपनीचे कागद शोधले आणि मला समजावून सांगितलं. नायलॉनचा धागा तापला की लांबीत किंचित आखडतो आणि जाडीत किंचित फुगतो. साध्या धाग्यात हे दिसतही नाही. पण त्याला पीळ देत देत इतकं पिळलं की तो स्प्रिंगसारखी वेटोळी घेतो, तर तीच बारीकशी हालचाल कितीतरी पटींनी वाढते. असा पिळलेला धागा तेवढ्याच वजनाच्या माणसाच्या स्नायूपेक्षा शंभरपट जड वजन ओढू शकतो. शास्त्रज्ञ त्याला कृत्रिम स्नायूच म्हणतात, ही गोष्ट जुनी आहे. या कंपनीने नवं केलं ते एवढंच, की धाग्यावर एक लेप चढवून त्याला एक ठरावीक उंबरठा दिला. त्याखाली तो सुस्त पडून राहतो आणि उंबरठा ओलांडला की एकदम आखडतो. यंत्रांच्या झडपांसाठी बनवलेला माल उरला, तो त्यांनी शोभेची दोरी म्हणून विकला. त्यात लबाडी काही नव्हती. उंबरठा चाळीस अंशांचा होता, आणि त्यांच्या देशात चाळीस अंश कधी कुणी पाहिले नव्हते. आमच्याकडे मार्च संपता संपता चाळीस होतात.

कागदाच्या शेवटी एक ओळ होती, ती नीलोफरने दोनदा वाचली. ताणलेल्या अवस्थेत गाठ असल्यास ती आखडताना घट्ट होते.

मी परखसमोर बसले आणि नवा निकाल घातला. गोफ नाही, यंत्राचा भाग, चाचणीशिवाय सोडू नये. परखने तो घेतला, चार सेकंद विचार केला आणि नाकारला. पडद्यावर आलं, की हा निकाल याच अधिकाऱ्याच्या चार हजार एकशे सव्वीस निकालांशी विसंगत आहे, म्हणून अपवाद म्हणून बाजूला ठेवला आहे. मी पुन्हा घातला, कारण सविस्तर लिहिलं, उन्हातले आकडे जोडले. परखने स्वतःच्या ट्रेमधला नमुना पुन्हा चोळला. तेवीस अंशांत, माझ्याच बोटांनी. गोफ.

ती दोन रबरी बोटं, अंगठा तिरपा धरून, त्या दोरीवर फिरत होती. मी एकटी एका बाजूला आणि माझी सव्वीस वर्षं दुसऱ्या बाजूला. यंत्राने बहुमत बघितलं.

सहआयुक्त लोखंडे साहेब भले गृहस्थ आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोरी स्वतः उन्हात नेऊन पाहिली आणि कपाळाला हात लावला. पण त्यांच्या हातात होतं ते एवढंच: वर्गीकरण समितीकडे पत्र. समितीची बैठक चौदा दिवसांनी. सुटलेल्या मालावर खात्याचा अधिकार नाही. आरोग्य विभागाला मी त्यांच्याच खोलीतून फोन लावला, तर पलीकडचे म्हणाले की आमच्याकडे माल चाचणीमुक्त म्हणून नोंदलेला आहे, तुमच्याच खात्याच्या आकड्यावरून, तो आकडा आधी बदलून आणा. गुरुवारी शेहेचाळीस अंश होणार, असा इशारा त्याच दिवशी आला होता.

मग छायाला फोन केला. तिने सांगितलं की चोवीसशे कुंच्या गेल्या शुक्रवारीच गेल्या. मी म्हटलं, बाकीच्या पाठवू नकोस, मी उद्या येते. का, ते फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

नीलोफर संध्याकाळी माझ्या टेबलाशी आली. तिने सांगितलेली वाट मला माहीत होती, पण आठवायची नव्हती. परख बांधताना त्यात एक दार ठेवलं होतं. शिकवणाऱ्या अधिकाऱ्याचा हात भरवशाचा नाही असं निघालं, तर त्याची सगळी शिकवण एका फटक्यात काढून टाकायची. मग त्या प्रकारच्या मालासाठी यंत्र आंधळं होतं, चौदाही बंदरांवर तो माल थांबतो आणि माणसं तो हाताने तपासतात. शिवाय गेल्या नव्वद दिवसांत सुटलेल्या मालाच्या प्रत्येक खरेदीदाराला, शेवटच्या दुकानापर्यंत, वापर थांबवा असा संदेश आपोआप जातो. अर्ज मात्र त्या अधिकाऱ्यानेच करायचा, किंवा त्याच्याविरुद्ध दक्षता विभागाने.

अर्जात कारणं तीनच होती. लाच. आजारपण, वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यासह. आणि नातेवाइकाचा हितसंबंध, त्या नातेवाइकाच्या सहीसह. माझी चूक झाली, असं कारणच नव्हतं. अर्ज बनवणाऱ्यांना माणूस आजारी पडेल हे सुचलं, पैसे खाईल हे सुचलं, पण प्रामाणिकपणे चुकेल हे सुचलं नाही. अर्ज बनवणाऱ्या समितीत मीही होते.

नीलोफर म्हणाली, "मॅडम, आजारपणाला पंधरा दिवस लागतात. हितसंबंधाचा अर्ज तत्काळ लागू होतो. आणि तुमच्या बहिणीने ती दोरी घेतली आहे, हे खोटं नाही." पुढचं तिने बोलून दाखवलं नाही. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावर कुणी चहाचा कपसुद्धा ठेवला नव्हता. निवृत्तीला अकरा महिने होते.

बुधवारी सकाळी दहाला मी हिंगणघाटला पोचले. केंद्रात मशिनी चालू होत्या, कोपऱ्यात कुंच्यांचे ढीग, मोरपंखी नाड्या लोंबत होत्या. मी छायाला बाजूच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं, अर्जाचंही. ती ऐकत राहिली. मग तिचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे तूच सांगितलं घे म्हणून, आणि आता मीच सही करू, का माझ्यासाठी तू बेइमानी केली? बावीस बाया कोणत्या तोंडानं घरी जातील, ताई?"

मी म्हटलं, माझं चुकलं. तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि ते पुरेसं नव्हतंच. केंद्राचं नाव योजनेतून कायमचं कापलं जाणार होतं. बायका शिवताना थांबल्या होत्या, दाराशी येऊन उभ्या होत्या. छाया म्हणाली की हे सगळं तुझ्या दालनातलं, पट्टीनं मोजलेलं आहे, माझ्या कुंच्या मी स्वतः बांधून बघितल्या आहेत, बाळाच्या गळ्याशी दोन बोटं मावतील एवढी जागा ठेवूनच बांधायची असं पेटीतल्या कागदावर चित्र काढून छापलं आहे. आणि मला काही बोलू न देता तिने एक नाडी उपटली, डाव्या मनगटाभोवती फिरवली, दोन बोटं घालून सैल ठेवली, एका बाईकडून गाठ मारून घेतली आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

अकरा वाजत आले होते. अंगणात सावली नव्हती. छाया हात पुढे करून, माझ्याकडे रागाने बघत उभी होती. पहिल्या मिनिटात काही झालं नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात नाडी हलली. मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. ती मनगटावरून सरकली नाही, जागच्या जागी लहान झाली. दोन बोटांची जागा गेली. मग ती कातडीला टेकली आणि मग कातडीत शिरली.

छायाने उजव्या हाताने गाठ ओढून पाहिली. गाठ गव्हाच्या दाण्याएवढी झाली होती. एका बाईने कात्री आणली, पण पातं खाली शिरायला जागाच नव्हती, तिने जोर केला तेव्हा रक्त आलं. छायाची बोटं जांभळी पडली होती. ती ओरडली नाही, पण तिचे डोळे मोठे झाले होते आणि ती माझ्याकडे आमच्या लहानपणी बघायची तशी बघत होती. माझं डोकं तेव्हा कुठे चाललं. मी तिला ओढत आत नेलं, कूलरची बाजूची जाळी काढली आणि तिचा हात कोपरापर्यंत टाकीतल्या गार पाण्यात कोंबला. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो होतो. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते, चाळीसपर्यंत गेले. मग नाडी सैल झाली आणि गाठ बोटाने सुटली.

मनगटावर गोल वळ उठला होता. छाया त्याच्याकडे बघत बसली. मग ती म्हणाली, "बाळाचा गळा याच्याहून केवढा असते गं? कागद काढ. कुठं सही करू?"

तिने ओल्या हाताने सही केली, मी फोनवर अंगठा ठेवला, आणि बारा वाजून सात मिनिटांनी अर्ज गेला. दोन मिनिटांत नीलोफरचा संदेश आला. परख शिवणसामानाला आंधळं झालं होतं. चौदा बंदरांवर बटणांपासून गोंड्यांपर्यंत सगळं थांबलं होतं. माझे एकेचाळीस हजार निकाल, ज्यांतले बहुतेक बरोबर होते, कोऱ्या पाटीसारखे पुसले गेले होते. मला वाटलं होतं की मला रडू येईल. पण तेवढाही वेळ मिळाला नाही.

खरेदीदारांना संदेश जात होते, पण कुंच्या दवाखान्यांतून घरोघरी गेल्या होत्या आणि तिथे संदेश पोचणार नव्हता. छायाने बावीस बायकांना फोन घेऊन बसवलं. दवाखान्यांच्या नोंदवह्यांतून बाळंतिणींची नावं फोनवर विचारून वहीत उतरून घ्यायची, त्या गावच्या आशाताईला फोन लावायचा, आणि एवढंच सांगायचं: मोरपंखी नाडीची कुंची काढा, घट्ट झाली असेल तर कापू नका, गार पाणी ओता. चोवीसशेपैकी सोळाशे पेट्या अजून दवाखान्यांतच पडून होत्या. उरल्या आठशे. एक वाजता पाचशे. अडीच वाजता दोनशे दहा. मी भिंतीवर खडूने आकडा लिहीत होते आणि पुसत होते, कारण दुसरं काही करायला माझा हात धजत नव्हता.

तीन वाजता राजुऱ्याकडच्या एका खेड्यातून आशाताईचा उलटा फोन आला. अकरा दिवसांची मुलगी, आई तिला मोटरसायकलवर माहेरी घेऊन चालली होती, ऊन लागू नये म्हणून कुंची घातलेली. रस्त्यात पोर गप्प झाली. आईला वाटलं झोपली. आशाताई गावाच्या वेशीवर त्यांची वाट बघत उभी होती, तिने गाडी थांबवून पोरीच्या गळ्यावर पिण्याच्या पाण्याची अख्खी बाटली ओतली. पोर रडली, एवढं सांगून आशाताईच रडायला लागली. छायाने तिला शांतपणे विचारलं की गावात आणखी कुणाकडे पेटी आली आहे का.

साडेचारला लोखंडे साहेबांनी मला पडद्यावर बोलावलं. शेजारी दक्षता विभागाचे अधिकारी होते. मी शिवणकेंद्राच्या मागच्या खोलीत, छायाच्या कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये बसले. साहेबांच्या चेहऱ्यावर मला दिलासा दिसला आणि मी सावध झाले.

त्यांनी सगळं शोधून काढलं होतं. माझा निकाल बारा फेब्रुवारीचा. बहिणीची खरेदी सत्तावीस फेब्रुवारीची. निकाल दिला तेव्हा बहीण ही दोरी घेणार हे मला ठाऊक असणं शक्य नव्हतं, म्हणजे हितसंबंध उभाच राहत नाही. "निखाडे मॅडम, तुम्ही घाईत, भीतीपोटी अर्ज केलात हे मी समजू शकतो. तुमच्यासारख्या अधिकाऱ्यावर हा डाग मी पडू देणार नाही. अर्ज आत्ता रद्द करतो, जपून ठेवलेल्या प्रतीवरून सहा वाजता परख पूर्ववत होईल, आणि दोरीचं समितीपुढे मी स्वतः मांडतो."

परख पूर्ववत होणार म्हणजे ती दोरी पुन्हा गोफ होणार. संदेश मागे घेतले जाणार, दवाखान्यांतल्या सोळाशे पेट्यांवरचं बंधन उठणार, आणि कुठल्या कुठल्या बंदरांवरून ती झबल्यांत, परकरांत, शाळेच्या टोप्यांत जात राहणार. पुढचे चौदा दिवस, ऐन उन्हाळ्याचे. त्या भल्या माणसाने माझ्यासाठी माझं नाव वाचवून आणलं होतं आणि मला ते खूप हवं होतं. हे मी लपवत नाही.

मग मी म्हणाले की साहेब, तारखा बरोबर आहेत, पण मला आधीच माहीत होतं. छायाने जानेवारीतच सांगितलं होतं. चाचणी लागू नये म्हणून मी गोफ लिहिलं.

दक्षता विभागाच्या अधिकाऱ्यांनी नातेवाइकाला समोर आणायला सांगितलं. छायाशी माझं या खोट्याबद्दल एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. तिला हाक मारली तेव्हा ती कानाला फोन लावूनच आली, फोन छातीशी धरून पडद्यासमोर उभी राहिली, मनगटावरचा वळ आता काळा पडला होता. अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, की आपल्या बहिणीने बारा फेब्रुवारीचा निकाल आपल्या लाभासाठी दिला का, आणि आपण त्यांना त्याआधी या दोरीविषयी सांगितलं होतं का. विचार करून उत्तर द्या, शपथेवर आहात, असंही सांगितलं.

छायाने माझ्याकडे पाहिलं. शाळेत असताना तिने माझी दौत फोडली होती, तेव्हासुद्धा ती खोटं बोलली नव्हती, माझा मार खाऊन घेतला होता.

"हो साहेब," ती म्हणाली. "मीच ताईच्या मागं लागली होती. तिनं माझ्यासाठीच केलं."

दक्षता अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. लोखंडे साहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, की अर्ज कायम राहील, परख बंद राहील, आणि मला तत्काळ निलंबित करण्यात येत आहे. पडदा काळा झाला.

मी छायाचा हात धरायला गेले. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, काय ते माहीत नव्हतं. तिने हात सोडवून घेतला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"नंतर, ताई. सदतीस राहिल्या अजून. तू गडचांदूरची वही घे अन् खालून सुरू कर, मी वरून येऊन राहिली."